खडीरपर्यंत

इलाइट चौराह्यावर सिग्नल लाल झाला आणि अंबरीश लघाटेच्या पुढ्यात त्याच्या बायकोची स्कूटी येऊन उभी राहिली. स्कूटी तीच. मागच्या मडगार्डवर मुलीच्या, चारुताच्या, कॉलेजचं पार्किंगचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं, आणि डावा आरसा उजव्यापेक्षा मोठा, कारण मूळचा आरसा अंबरीशनेच एकदा फाटकाला धडकवून फोडला होता आणि दुकानात मिळाला तो बसवून आणला होता. आली वाटतं, न कळवता आली. मग हेल्मेटखालून पाठीवर आलेली लांब वेणी त्याला दिसली. स्नेहलताचे केस मानेपर्यंतच होते, आणि असलं गुलाबी जॅकेट तिने कधी घातलं नसतं. त्याने आपली मोटरसायकल पायांनी रेटत पुढे घेतली. विशीतली मुलगी होती. "बेटा, ये गाड़ी किसकी है?" त्याने विचारलं. मुलगी आधी घाबरली, मग त्याचे पांढरे केस बघून सावरली. "हमारी है, अंकल." "पहले किसकी थी?" "मिस की. लघाटे मिस, हमको मैथ्स पढ़ाती थीं. फरवरी में ली थी पापा ने. मिस बोलीं, अब लौटके तो आना नहीं है, रखके क्या करेंगे." सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न एकदम पेटले, मुलगी निघून गेली आणि अंबरीशची गाडी, छत्तीस वर्षं चालवलेली गाडी, त्याच्या हाताखाली बंद पडली.

स्नेहलता मार्चमध्ये गेली होती. एका वर्षासाठी. शाळेतून तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली, तेव्हा कुणा जुन्या मैत्रिणीकडून तिला कळलं की कच्छात, रणाच्या मधोमध खडीर नावाचं बेट आहे, तिथे मुलींची निवासी शाळा आहे आणि तिथे गणिताचं माणूस टिकत नाही. "एक वर्ष बघते," ती म्हणाली. "बघ," तो म्हणाला. त्या दिवसापासून कारखान्यात, प्रेमनगरात, नात्यात, जो विचारेल त्याला तो सांगत आला होता, सालभर की बात है. आणि स्कूटी? स्कूटी कश्मिराकडे ठेवलीय, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, ती अधूनमधून चालवेल म्हणजे बॅटरी उतरणार नाही, असं स्नेहलता म्हणाली होती. त्याला चांगलं आठवत होतं. म्हणजे ती खोटं बोलली. जायच्या आधीच तिने ठरवलं होतं. कधीकाळी शिकवलेल्या एका पोरीला माहीत होतं, पोरीच्या बापाला माहीत होतं, आणि तो मात्र डिसेंबर उजाडला तरी दर रविवारी तिच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या बदलत होता.

त्या दिवशी त्याने कारखान्यात नेहमीसारखं काम केलं. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीच्या वेल्डिंगवर सही केली, कँटीनमध्ये जेवला, शेजारी बसलेल्याच्या मुलाच्या लग्नाबद्दल ऐकून घेतलं. संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात तसाच उभा राहिला. घरात कुणाशी बोलायचं नसलं म्हणजे माणूस बोलायचं विसरतो हे खोटं आहे. तो आतल्या आत जास्तच बोलायला लागतो. आई होती तोवर या घरात सकाळपासून मराठी चालायची. आईची मराठी जुनी. पळीला ओगराळं म्हणायची, तांब्याला गडू, आणि मध्येच 'मी जाऊन राहिले आहे' असंही, कारण हे घराणं पेशव्यांच्या वेळी इकडे आलं ते इथलंच होऊन गेलेलं. वाईहून लग्न होऊन आलेल्या स्नेहलताला पहिलं वर्षभर त्या 'जाऊन राहिले'चं हसू आवरायचं नाही. मग तीही तसंच बोलू लागली. आई गेली. चारुता हैदराबादला गेली. तिला मराठी सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच येते. स्नेहलता गेली. आता या भाषेत त्याला हाक मारणारं झाशीत कुणी उरलं नव्हतं. कधी कधी भाजी चिरताना तो स्वतःशी एखादं वाक्य मोठ्याने बोलायचा, आणि आपलाच आवाज ऐकून टीव्ही लावायचा.

सकाळी त्याने हँडलला पिशवी अडकवली, शेजारच्या रामकृष्णजींना फाटकावरूनच सांगितलं, "दो-चार दिन बाहर जा रहे हैं," आणि शिवपुरीच्या रस्त्याला लागला. धुकं होतं. कुठे जायचं हे त्याने ठरवलं असं म्हणता येणार नाही. झाशीहून शिवपुरीला जाणारा हाच हमरस्ता पुढे कोटा, उदयपूर, पालनपूर करत थेट कच्छात जातो, वळावं म्हणून कुठे लागत नाही, हे त्याला गेल्या मार्चपासून माहीत होतं. स्नेहलता रेल्वेने गेली होती. त्याने तिला स्टेशनवर सोडलं, वरच्या फळीवर बॅग चढवून दिली आणि गाडी हलायच्या आधीच तो उतरला, कारण बाहेर त्याने मोटरसायकल जिथे लावली होती तिथे लावू देत नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने फोनवर नकाशा उघडून पाहिला होता. निळी रेघ प्रेमनगरातून निघून पश्चिमेकडे गेली होती आणि शेवटी पांढऱ्या रंगात शिरली होती. त्याने फोन बंद केला होता आणि जेवायला बसला होता.

शिवपुरी मागे पडल्यावर ऊन आलं. खैर, धावडा, करवंदीची झुडपं, तांबडे खडक, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. चौपदरी रस्ता इतका नवा की त्याच्यावर आपण कुणाच्या तरी घरात बूट घालून शिरलोय असं वाटत होतं. अधूनमधून एखादा ट्रक यायचा, त्याचा वारा अंगावर आपटायचा आणि पुन्हा फक्त इंजिनाचा आवाज. तो आवाज त्याने नोकरीच्या पहिल्या वर्षांपासून ऐकला होता, पण इतका सलग कधी नाही. झाशीत गाडी कधी तिसऱ्या गिअरच्या वर फारशी जायचीच नाही. लग्नाच्या पहिल्या थंडीत मात्र ते दोघं हिंडले होते. ओरछा, बरुआसागर, एकदा बेतवा बघायला एरचला. वाटेत मोठ गावच्या तिठ्यावर चहा घ्यायला थांबले तेव्हा स्नेहलताने दुसऱ्या फाट्याकडे बोट केलं. हा कुठे जातो? समथरला. तिथे काय आहे? काही नाही, किल्ला आहे, बाजार भरतो. मग जाऊ या ना. तो हसला होता. आईला अंधार पडायच्या आत येतो म्हणून सांगितलं होतं. ती पुन्हा काही म्हणाली नाही. येताना तिचे हात त्याच्या कमरेभोवती होते आणि नदीची थंडी तिच्या तळव्यांत उतरलेली त्याला स्वेटरातूनही कळत होती. नंतर चारुता झाली, मग स्नेहलताने शाळा धरली, मग तिला स्कूटी घेतली. स्कूटी घेतली तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं. आता कुणाला कुठे सोडायला नको.

शाहाबादचा घाट उतरल्यावर तो एका ढाब्यावर थांबला. हात हँडलच्या आकारात आखडून गेले होते. चहा येतोय तोवर फोन वाजला, चारुता होती. "पापा, कहाँ हो? रामकृष्ण अंकल का फोन आया था, बोले मोटरसायकल लेके निकल गए." "शाहाबादच्या पुढे आहे." "कौन सा शाहाबाद?" "राजस्थानातलं." "मम्मी के पास जा रहे हो?" "तिला सांगू नकोस." "इतनी दूर? बाइक पर? आपकी उमर..." "चारू, तुला माहीत होतं? गाडी विकल्याचं?" तिच्या मागे ऑफिसातली लिफ्ट बोलत होती. "हाँ." "मग मला का नाही सांगितलंस?" "पापा, मुझे लगा आपको पता है. वो तो पोर्च में खड़ी रहती थी ना, रोज़." त्याने तिला रात्री फोन करतो म्हणून सांगितलं. चहा गोड होता, पायाशी एक कुत्रं झोपलं होतं, आणि ढाब्याचा मालक त्याच्या गाडीचा नंबर वाचून म्हणाला, "झाँसी! झाँसी की रानी!" जन्मभर सगळे हेच म्हणत आले होते. त्याने नेहमीसारखी मान हलवली.

तो दिवस आणि पुढचा दिवस त्याने एकच वाक्य घडवण्यात घालवला. सुरुवातीला ते लांबलचक होतं. त्यात तिचं कपाट होतं, डांबराच्या गोळ्या होत्या, लोकांना तोंड कसं दाखवायचं ते होतं, आईच्या आजारपणात आपण दोघांनी केलेली जागरणं होती. कोट्याजवळच्या एका लॉजमध्ये थंड पाण्याने तोंड धुताना त्याने लोकांना तोंड दाखवण्याचा भाग गाळला. अरवलीचे डोंगर सुरू झाले, रस्ता बोगद्यांतून जाऊ लागला, तेव्हा आई गळाली. ती जागरणं खरं तर स्नेहलतानेच केली होती. वाक्य मराठीतच घडत होतं आणि त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं की आपल्याकडे इतके शब्द आहेत. हेल्मेटच्या आत तो ते मोठ्याने म्हणून बघायचा. आवाज काचेवर आपटून त्याच्याच तोंडावर यायचा, काच धूसर व्हायची. दुसरी रात्र पालनपूरला काढली, मग राधनपूर मागे पडलं, आणि जमीन सपाट होत गेली. इतकी सपाट जमीन त्याने पाहिली नव्हती. बुंदेलखंडात कुठेही बघा, क्षितिजावर एखादी टेकडी, एखादी गढी असतेच. डोळ्याला टेकायला काहीतरी मिळतं. इथे वेड्या बाभळी, त्यांच्यामागे खारट माती, आणि त्यामागे काही नाही. मिठाचे ट्रक येत-जात होते. संतलपूरच्या पुढे लांबवर फिकट तपकिरी जनावरांचा एक कळप उभा दिसला, रानगाढवं. ती सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी होती आणि कशाकडे बघताहेत ते कळत नव्हतं. त्याला वाटलं, इथे उतरून एखादा माणूस बाभळींत चालत गेला तर कितीशा दिवसांनी कुणाच्या लक्षात येईल? हा विचार भीतीचा नव्हता. तो फार सहज आला, आणि तो सहज आला याचीच त्याला भीती वाटली. त्याने गाडीचा वेग वाढवला. आतापर्यंत वाक्य एवढंच उरलं होतं, तू मला खोटं का सांगितलंस?

रापर सोडल्यावर, तास-दीड तासाचा रस्ता उरला असताना, क्लचची तार तुटली. डाव्या हातातला लिव्हर एकदम रिकामा झाला, दात पडल्यावर जीभ जावी तशी बोटं पुन्हा पुन्हा तिथे जात राहिली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती आणि चालत होती. थांबलो तर पुन्हा हलवायला कुणीतरी ढकलायला लागेल, आणि इथे माणूस दिसून बराच वेळ झाला होता. सुटी तार घरी होती, प्रेमनगरात, जिन्याखालच्या डब्यात. आता थांबायचं नाही, असं त्याने ठरवलं. ॲक्सिलरेटर हलकेच सोडून, गिअर पायाने दाबून, इंजिन जरा अडखळलं की सांभाळून घेत तो जात राहिला. थांबायचं नाही म्हटल्यावर तहान लागली, कंबर दुखू लागली, डोळ्यात किडा गेला. आणि मग वळणावर शे-दीडशे मेंढ्या रस्ता भरून आल्या. न्यूट्रल सापडला नाही. गाडी दोन गचके खाऊन मेंढ्यांच्या मधोमध बंद पडली.

लोकरीच्या लाटा दोन्ही बाजूंनी सरकत राहिल्या. मागून पांढरे कपडे, डोक्याला लाल फडकं आणि काठी घेतलेला म्हातारा आला. त्याने आधी गाडी पाहिली, मग अंबरीशला. "बिगड़ी?" "क्लच का तार." म्हाताऱ्याने मान हलवली. तारेचं त्याला काही कळलं नसावं, पण बिघडलं हे पुरेसं होतं. "किधर से?" "झाँसी." "वो किधर?" अंबरीश त्याच्याकडे बघत राहिला. झाशी हे नाव ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही असा हा त्याला आयुष्यात भेटलेला पहिला माणूस होता. "उधर," तो म्हणाला आणि त्याने पूर्वेकडे हात केला, जिकडे बाभळींखेरीज काही नव्हतं. "दूर है." "यहाँ किसके पास?" एवढे दोन दिवस त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. लॉजवाल्याला काम म्हणाला होता, पेट्रोलपंपावर घूमने म्हणाला होता. "घरवाली है. उधर स्कूल में पढ़ाती है." "बेन!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "गणितवाली बेन! मेरी पोती उधर." मग त्याने काठी मेंढीच्या पाठीवरून रस्त्याकडेला टाकली, धोतर खोचलं आणि गाडीच्या मागे येऊन उभा राहिला. त्या वयात त्याच्या अंगात केवढं बळ होतं. दोघं मिळून धावले, अंबरीशने उडी मारून पहिला गिअर टाकला, गाडी उसळली आणि निघाली. त्याला मागे वळून हात करता आला नाही. आरशात म्हातारा काठी उचलताना दिसला, मग धूळ.

आणि मग जमीन संपली. रस्ता तेवढा पुढे गेला होता, बाकी दोन्हीकडे पांढरं. डावीकडे कोरडं मीठ, उजवीकडे टाचभर पाणी, त्यात आभाळ पडलेलं, आणि खूप दूर गुलाबी ठिपक्यांची एक ओळ, पक्षी असावेत. इथे कुणीही थांबलं असतं. त्याला थांबता येत नव्हतं. डोळे दिपत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि काच उघडली की ओठांवर खारट लागत होतं. या रस्त्यावरून ती मार्चमध्ये आली असेल, बसच्या खिडकीपाशी बसून, मांडीवर पर्स. तिला हे पाहून काय वाटलं असेल? ती फोन करायची तेव्हा त्याने विचारलं होतं, पाणी येतं का, लाईट असते का, जेवण काय असतं. ती म्हणायची, असतं, येतं, ठीक आहे. एकदा म्हणाली होती, इथे ना, संध्याकाळी... आणि मग थांबली होती, कारण कुकरची शिट्टी झाली होती आणि तो गॅस बंद करायला गेला होता. परत येऊन त्याने विचारलं होतं, हं, औषधं घेतेस ना? संध्याकाळी काय, हे राहूनच गेलं. आता ते वाक्य त्याला त्या पांढऱ्यात कुठेतरी अर्धवट पडलेलं दिसावं तसं वाटत होतं आणि गाडी त्याला तिथून पुढे नेत होती.

शाळेच्या फाटकातून आत शिरताना त्याने न्यूट्रलसाठी पुन्हा पाय मारला. गाडीने एक सणसणीत गचका खाल्ला, अंबरीश टाकीवर आपटला आणि पटांगणाच्या मधोमध सगळं गप्प झालं. निंबाखाली जेवणाच्या ताटल्या घासत बसलेल्या मुली आधी चकित झाल्या आणि मग खळखळून हसायला लागल्या. त्या हसण्याने एका खोलीचं दार उघडलं. स्नेहलता बाहेर आली. उन्हाने रापलेली, अंगावर निळी सुती साडी, पायात त्याने न पाहिलेल्या कातडी चपला. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग पायऱ्या उतरून आली, त्याच्या धुळीने माखलेल्या हेल्मेटकडे, आखडलेल्या हातांकडे बघत राहिली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही यावरून आलात?" "क्लचची तार तुटली," तो म्हणाला. दोन दिवस घडवलेलं वाक्य सोडून त्याने हे सांगितलं. "तार तुटली की तोडलीत?" ती म्हणाली, आणि हसली नाही, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "आधी पाणी घ्या ने."

ते गुजराथी 'ने' त्याच्या कानाला लागलं. तिच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर तो बसला. ती चहा आणेपर्यंत मुली येऊन-येऊन बघून जात होत्या, तिला काहीबाही विचारत होत्या आणि ती त्यांना गुजराथीत उत्तरं देत होती. चहा देतानाही तिच्या वाक्याच्या शेवटी ते 'ने' येत राहिलं, आणि 'जाऊन राहिले'चा मागमूसही नव्हता. तीसेक वर्षं झाशी तिच्या जिभेवर होती. उतरायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा. त्याने बशी खाली ठेवली. "तू मला खोटं का सांगितलंस?" वाक्य निघालं, पण वाटेत त्याची धार कुठेतरी गेली होती. "काय खोटं?" "स्कूटी कश्मिराकडे आहे म्हणून. ती तू फेब्रुवारीतच विकलीस. मला निघायच्या आदल्या दिवशी चौराह्यात दिसली." स्नेहलता त्याच्याकडे पाहतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याचं काहीच नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. "कश्मिराकडे? असं मी कधी म्हटलं?"

कधी म्हटलं? ती हे म्हणाली तेव्हा कुठे उभी होती? स्वयंपाकघरात? फाटकाशी? तिच्या अंगावर काय होतं? त्याने आठवून पाहिलं आणि त्याला ती दिसेना. वाक्य होतं, पण वाक्याला तिचा आवाज नव्हता. त्याऐवजी त्याला पोर्च दिसलं, फेब्रुवारीतल्या एका सकाळचं. फरशीवर स्कूटीच्या तेलाचा काळा डाग आणि त्यावर काही नाही. आपण गाडी बाहेर काढताना म्हणालो होतो, मनाशीच, कश्मिराकडे ठेवली असेल. बॅटरी उतरू नये म्हणून. त्याच संध्याकाळी आपण आपली गाडी त्या रिकाम्या जागेत आडवी लावली आणि किती सोयीचं झालं असं आपल्याला वाटलं.

"विकली त्या दिवशी मी ऑटोने घरी आले," स्नेहलता म्हणाली. ती त्याच्याशेजारी बसली होती, दोघांमध्ये कपबशा. "तुम्ही व्हरांड्यातच होता. मला वाटलं आता विचारतील. मग दुसऱ्या दिवशी वाटलं. शाळेचा शेवटचा महिना मी ऑटोनेच जात-येत होते. मुद्दाम नाही केलं मी ते. परीक्षा वगैरे घ्यावी असं काही नव्हतं मनात. पण मग वाटायला लागलं, बघू या." "मग विचारलंच नाही मी," तो म्हणाला. "नाही." "त्या मुलीला तू सांगितलंस की परत यायचं नाही." "तिच्या वडिलांनी विचारलं, चांगली गाडी आहे, का विकता. तोंडातून निघून गेलं. घरी येईपर्यंत ऑटोत माझं मलाच कळलं की ते खरं आहे." पटांगणात एक मुलगी त्याच्या गाडीच्या सीटवर बसून उतरली. "माझ्यावर राग आहे?" त्याने विचारलं. स्नेहलताने विचार केला. वर्गात मुलीने प्रश्न विचारल्यावर करावा तसा नीट विचार. "नाही. राग होता तोवर मी झाशीत राहिले." मग थोड्या वेळाने, "हे घर सोडून वगैरे नाही हो. चारुताच्या लग्नाला आपण दोघं उभे राहू. दुखलं-खुपलं तर मी येईन, तुम्हीही याल. पण राहायला नाही यायचं मला आता." त्याला काहीतरी म्हणायचं होतं, की मी बदलेन, की मी निवृत्त झालो की इकडे येतो. दोन्ही त्याने ओठांपर्यंत आणून पाहिलं. पहिलं खरं आहे की नाही ते त्याला माहीत नव्हतं आणि दुसरं तिने मागितलं नव्हतं. "फोनवर तू एकदा म्हणाली होतीस," तो म्हणाला, "इथे संध्याकाळी... आणि पुढचं राहिलं." ती आठवू लागली. बराच वेळ. "नाही आठवत," ती म्हणाली. "काहीतरी असेल."

संध्याकाळ त्याने स्वतःच पाहिली. सूर्य पांढऱ्यात बुडाला, थंडी जमिनीतून वर आली, मुली प्रार्थनेला बसल्या. मुलींच्या शाळेत पुरुषाला राहता येत नाही म्हणून त्याची सोय गावातल्या धर्मशाळेत केली होती. तिने स्वतः येऊन गोधडी दिली, डास असतात म्हणून कडुनिंबाचा पाला जाळायला ठेवला आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी रापरहून दुपारच्या बसने ड्रायव्हरच्या हाती क्लचची तार आली. शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसून अंबरीशने जुनी तार ओढून काढली, नवी ओवली, ताण बघून नट आवळला. लिव्हरमध्ये पुन्हा जीव आला. आता निघायला हरकत नव्हती. अंधाराआधी हमरस्ता गाठता आला असता.

तेव्हा भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. तो हात पुसत उठला आणि खिडकीशी गेला. आत जमिनीवर मुली बसल्या होत्या, फळ्यावर एक वर्तुळ होतं. ती काय शिकवत होती ते त्याला कळत होतं, ते शाळेत शिकलेलंच होतं. पण ती कशी शिकवत होती ते तो पहिल्यांदाच पाहत होता. सव्वीस वर्षं तिने शिकवलं आणि तिच्या शाळेच्या फाटकाच्या आत तो कधी गेला नव्हता. तिचे हात मोकळे होते. ती प्रश्न विचारायची आणि मग गप्प उभी राहायची, उत्तर येईपर्यंत, कितीही वेळ लागला तरी. आणि ती गप्प असताना कुणी चुळबूळ करत नव्हतं. मागच्या ओळीतल्या एका मुलीने काहीतरी चुकीचं सांगितलं, तेव्हा स्नेहलता हसली, पूर्ण, मान मागे टाकून, आणि तीच मुलगी सगळ्यात मोठ्याने हसली. हे हसणं त्याने ओळखलं नाही. त्याच्या लक्षात आलं की ही बाई आपल्याला आवडली असती; कुठे भेटली असती तर आपण तिच्याशी बोलायला धडपडलो असतो. तिने खिडकीकडे पाहिलं. त्याला पाहिलं. शिकवणं थांबवलं नाही, त्याला जा असंही खुणावलं नाही. तास संपेपर्यंत तो उभा राहिला.

बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना खडू होता. "झाली गाडी?" "झाली." "मग निघता?" "निघतो." तिने पिशवीत बाजरीचे रोटले आणि गूळ बांधून दिला. हेल्मेट हातात घेऊन तो थांबला. "पुन्हा येऊ?" त्याने विचारलं. ती वर्गात उभी होती तशीच उभी राहिली, आणि त्यानेही मधे काही घातलं नाही. "मार्चमध्ये परीक्षा असतात," ती शेवटी म्हणाली. "नंतर फार तापतं, तुम्हाला झेपणार नाही. फेब्रुवारीत या. पण सांगून या." "सांगून येईन," तो म्हणाला. मुली फाटकापर्यंत धावत आल्या.

रणातल्या रस्त्याच्या मध्यावर आल्यावर त्याने क्लच दाबला, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की कानात आपलंच रक्त वाहताना ऐकू यायला लागलं. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं. झाशी इथून अडीच-तीन दिवसांवर होती, आणि तिथे प्रेमनगरात एक घर होतं. त्या घराबद्दल तो गेले कित्येक महिने लोकांना काही ना काही सांगत आला होता. त्याने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. "घरी कुणी नाही," तो मोठ्याने म्हणाला, मराठीत. आवाज कशावरही न आपटता दूर गेला. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग गाडीला किक मारली आणि निघाला.